झालं, लाव आता

काम साधं होतं. एका म्हाताऱ्या बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण तेव्हापासून त्यांना वाकता येईना, बादलीतून तांब्या उचलून अंगावर पाणी घेता येईना. त्यांच्या भाचीला बाथरूममध्ये विजेचा शॉवर बसवून हवा होता. मावशीला खुर्चीवर बसवायचं, नळ फिरवला की वरून कोमट पाणी यायचं. एवढंच.

दिवा हवा तर थोडा मोठा कर आणि बस इथेच. मी रंगवून सांगणार नाही. मला ते जमत नाही. माझं निम्मं आयुष्य भिंतींतून वायरी ओढण्यात गेलं. त्या कामात माणूस जे मोजलं तेच बोलतो.

आमचं दुकान नवरा-बायकोचं आहे. विजेचं काम माझं, नळाचं काम त्यांचं. बाजारात त्यांना नळवाले म्हणतात, आणि कामावर असले की मीही तेच म्हणते. ‘अहो, ऐकलंत का’ म्हणत शिडीखाली उभं राहिलं तर दिवस तिथेच मावळायचा. लोक चेष्टा करतात, वीज आणि पाणी एका घरात नांदतात तरी कशी म्हणून. नळवाले सांगतात, मध्ये अर्थिंग चांगलं आहे.

शॉवर बसवायचा म्हणजे दोघांचंही काम, म्हणून दोघंही बघायला गेलो.

घर गल्लीच्या टोकाला, एकमजली. पुढच्या खोलीत मेन बोर्ड. तिथून एक लांब बोळ आत जाई. बोळाच्या मध्यावर मावशींची खोली, शेवटी डाव्या हाताला स्वयंपाकघर आणि उजव्या हाताला बाथरूम. बाथरूमला खिडकी नव्हती. वर एक झरोका होता, पण शेजारच्यांनी भिंत उचलल्यापासून तो नुसता नावाला उरला होता. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय आत स्वतःचा हात दिसत नसे.

दार उघडलं तसा वास आला. ओलसर भिंतीचा, आणि त्यामागे आणखी एक, बारीक. जळक्या बॅकेलाइटचा, जुनी काळी बटणं ज्याची असत त्या कडक प्लॅस्टिकचा. माझ्या धंद्यातला माणूस तो झोपेतही ओळखेल. पण तो वास यायला काहीतरी जळालेलं हवं, आणि तिथे विजेचं काही नव्हतंच. दिव्याचा एक होल्डर, तोही नवा. समोरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला एक चौकोन मात्र बाकीच्या भिंतीपेक्षा फिकट दिसत होता. चार स्क्रूंची भोकं लांबी भरून बुजवलेली. पूर्वी तिथे हीटर होता, हे उघड होतं. भाचीताई म्हणाल्या, असेल, त्या लहान असतानाचं काही त्यांना आठवत नव्हतं. मावशी पडल्यावर त्या नोकरी सोडून इथे राहायला आल्या होत्या, जुन्या गोष्टी कोणी कधी काढल्या नव्हत्या.

काय काय लागेल ते मी त्यांना नीट समजावलं. विजेचा शॉवर म्हणजे काही पंखा नव्हे, कुठल्याही बटणाला जोडून चालत नाही. पाणी जाता जाता तापवायचं असतं, तेव्हा वीज सपाटून ओढतो. त्याला मेन बोर्डापासून वेगळी जाड तांब्याची केबल हवी, मध्ये कुठेही जोड नको. त्याचा स्वतःचा ब्रेकर हवा, शिवाय शॉकचा वेगळा ब्रेकर हवा. फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी, दोन्ही तारा एकदम तोडणारं मोठं बटण हवं, आणि ते बाथरूमच्या बाहेर. भाचीताई मान डोलवत होत्या. बोळातून मावशींचा आवाज आला.

“बटण आतच बसव.”

मी त्यांच्या खोलीत गेले. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, केस नीट बांधलेले, नजर मात्र कोणावर न ठरणारी. मी म्हटलं, मावशी, ओल्या हाताला बटण लागता कामा नये, म्हणून ते बाहेरच असतं. सगळीकडे तसाच नियम आहे.

त्या म्हणाल्या, “जो आत आहे, बटण त्याच्याच हाताशी असावं. बाहेरच्याचं काय... त्याला आतलं दिसत नाही.”

मी पुन्हा समजावलं. त्यांनी वाद घातला नाही.

पुढच्या आठवड्यात काम काढलं. सकाळी परसात अर्थिंग केलं. ते करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या घरात अर्थची तार होती, पण ती पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती, आणि तो पाइप पुढे कधीतरी बदलून प्लॅस्टिकचा घातला होता. म्हणजे तार होती आणि जमिनीला कुठेच लागत नव्हती. अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. वरवर सगळं ठाकठीक दिसतं, दिसतं तोवर. खड्डा खणला, तांब्याचा रॉड उतरवला, मीटर लावून पाहिलं. आकडा उत्तम आला.

मग मेन स्विच पाडला, त्यातला चिनीमातीचा फ्यूज उपसून माझ्या खिशात टाकला. ही माझ्या वडिलांची शिकवण. स्विच कोणीही वर करेल, पण खिशातला फ्यूज माझ्या परवानगीशिवाय कोणी लावू शकत नाही. त्यांचा दुसरा नियम असा, की वीज सोडायची ती हाकेवर सोडायची नाही. ज्याचे हात वायरीत किंवा पाण्यात आहेत, त्याने स्वतः उठून बोर्डापाशी यायचं, आपल्या डोळ्यांसमोर उभं राहायचं, मग वीज. लांबून कोणी ‘लाव’ म्हणालं तर बहिरं व्हायचं. आम्ही दोघांनी हा नियम एकदाही मोडलेला नव्हता. बोळ लांब असला, कंटाळा आला, तरी नाही.

वीज गेल्यावर घर वेगळंच झालं. पुढच्या खोलीत ऊन होतं, पण बोळ तोंडाशी करडा आणि पुढे काळा. फ्रिजची घरघर थांबली की एकाएकी किती गोष्टी ऐकू येतात, ते तुलाही माहीत असेल. मावशींच्या खोलीतलं घड्याळ, भाचीताईंचं स्वयंपाकघरातलं भांडं, पाइपातून हवा निघावी तसा एक बारीक घोगरा आवाज. मी नळवाल्यांना विचारलं, पाणी सोडलंत का. ते म्हणाले, नाही, खालून बंद आहे. मग आवाज कसला? म्हणाले, जुने पाइप, गॅस झालाय त्यांना.

दुपारपर्यंत केबल ओढून झाली. बाहेरचं बटण बसलं, बोर्डात दोन्ही ब्रेकर बसले. शॉवरचं यंत्र त्या फिकट चौकोनाच्या बाजूलाच टांगलं होतं. पाण्याचा जोड नळवाल्यांनी दिला, माझ्या वायरी आत घेऊन मी त्यांची टोकं सोलून ठेवली. टोकं कसण्याचं तेवढं राहिलं होतं. जागा अडचणीची, आणि त्यांची बोटं माझ्यापेक्षा लांब. म्हणून ती त्यांनी कसायची आणि मी बोर्डाकडचं आवरायचं असं ठरलं. बाथरूममध्ये बॅटरीच्या उजेडात ते, बोळाच्या दुसऱ्या टोकाला मी. मध्ये तो अंधार.

बोर्डातला शेवटचा स्क्रू कसून मी हात पुसत होते. फ्यूज खिशातून काढून हातात घेतला होता, त्याच्या पितळी पट्ट्या पुसायला. तेवढ्यात आतून हाक आली.

“झालं, लाव आता.”

नळवाल्यांचाच आवाज. त्यात काही वेगळं नव्हतं. तोच किंचित नाकातला सूर, तीच कामाला कंटाळल्यावरची तुटक बोलण्याची तऱ्हा. आणि खरं सांगायचं तर माझा हात वर गेला होता. फ्यूजच्या पट्ट्या खाचेला टेकल्या होत्या. इतक्या वर्षांचा नियम डोक्यात असतो, हातात नसतो. हात ऐकतो तो आवाजाचं.

मग मी थांबले. घाबरले म्हणून नाही. जरा रागच आला, की हे आज नियम कसा विसरले. मी ओरडून म्हटलं, इकडे या आधी.

मग पुन्हा, थोडा हळू, समजावणीचा आवाज.

“लाव गं... हात बाहेर काढलेत मी.”

तिथे मला काहीतरी खटकलं. काय ते तेव्हा कळलं नाही. नंतर विचार केल्यावर कळलं. मी हाताबद्दल विचारलंच नव्हतं. पण माझ्या मनात नेमकं तेच होतं.

फ्यूज मुठीत आवळून मी बोळातून निघाले. भिंतीला हात लावत. मावशींच्या दारावरून जाताना आतलं घड्याळ ऐकू आलं, आणि मावशींचा श्वास. त्या जाग्या होत्या. बाथरूमच्या दाराखालून बॅटरीचा पिवळट पट्टा दिसत होता. दार ढकललं.

नळवाले पाठमोरे उभे होते. दोन्ही हात मनगटापर्यंत यंत्राच्या आत. बॅटरी दातांत धरलेली. पायाखालची फरशी ओली होती, जोड देताना सांडलेलं पाणी.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला तसे दचकले. हात बाहेर काढले, बॅटरी तोंडातून काढली, जबडा हलवून मोकळा केला. बराच वेळ दातांत धरल्यावर लागतो तेवढा वेळ त्यांना बोलायला लागला.

मी विचारलं, मला हाक मारलीत का. ते म्हणाले, तोंडात बॅटरी घेऊन? मग माझ्या मुठीकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी ती उलगडली आणि फ्यूज पाहिला.

“तू मघाशी काय म्हणालीस मला?” त्यांनी विचारलं.

मी काहीच म्हटलं नव्हतं.

“दाराशी येऊन म्हणालीस ना... बंद आहे, हात आतच ठेवा. दोनदा म्हणालीस.”

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. बॅटरीचा उजेड छतावर पडला होता. त्या जळक्या वासाची मला मघापासून सवय झाली होती, तो आता पुन्हा आला, आणि दाट. नळवाले हळूच म्हणाले, चल बाहेर. हत्यारं तशीच टाकून आम्ही बोळात आलो.

मावशींनी आपल्या खोलीतून हाक मारली. ही त्यांचीच, कारण मी आत गेले तेव्हा त्या माझ्याचकडे बघत होत्या. पहिल्यांदाच नजर ठरवून. भाचीताईही स्वयंपाकघरातून आल्या होत्या.

“तुलाही हाक आली का... लाव म्हणून?” मावशींनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर जे उमटलं ती भीती नव्हती. फार दिवस उभं राहिलेल्या माणसाला कोणी बस म्हणावं तसं काहीतरी होतं.

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, थांबत थांबत. त्यांचे यजमान कारखान्यात फिटर होते. घरचं प्रत्येक काम स्वतः करत. तो हीटर त्यांनीच बसवला होता. एके दिवशी पाणी तापेना, म्हणून मावशींना बटण बंद करायला सांगून ते हीटर उघडून बसले. मावशी भांडी घासत होत्या. आतून हाक आली, झालं, लाव आता. त्यांनी हात पदराला पुसले आणि बटण लावलं. मग आतून पाना पडल्याचा आवाज आला, फरशीवर. त्याच्यानंतर काही नाही.

लोक आले. दिरांनी सगळ्यांदेखत विचारलं, तुला कोणी लावायला सांगितलं होतं? त्या म्हणाल्या, त्यांनीच. दीर म्हणाले, दोन्ही हात आत घालून माणूस लाव म्हणेल? दीर पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. शेजारच्या बायका मागे म्हणायच्या, बिचारीला भास झाला असेल. मावशींनी मग सांगणंच सोडून दिलं. भाचीलाही माहीत नव्हतं. भाचीताई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी मावशींचा हात हातात घेतला.

“एवढंच कळत नाही मला,” मावशी शेवटी म्हणाल्या. “लाव म्हणाले, मान्य. मग हात आत का ठेवले? ते काही वेडे नव्हते गं.”

नळवाले माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. आम्हाला त्याचं उत्तर त्या घटकेला ठाऊक होतं. त्या माणसाने आपल्या बायकोच्या आवाजात ऐकलं असणार, की बंद आहे, हात आतच ठेवा. तिच्यावर विश्वास ठेवून त्याने ते ठेवले असणार.

हे सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. एका बाजूने पाहिलं तर बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. दुसऱ्या बाजूने, आपल्याच आवाजाने नवऱ्याला धरून ठेवलं, हे घेऊन उरलेले दिवस काढायचे. नळवाल्यांनीच सांगितलं. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, आता येत नाही. त्यांनी फार साध्या शब्दांत सांगितलं, मावशी, मला हिचा आवाज ऐकू आला आणि ही तिकडे बोर्डापाशी होती. तुम्हाला त्यांचा आला, त्यांना तुमचा आला असेल. तुमच्या दोघांचीही चूक नाही.

मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, “म्हणजे मी बंद आहे म्हटलं, म्हणून ते निर्धास्त होते.” आणि रडल्या. त्या रडण्यात काय काय होतं ते मी सांगू शकत नाही.

तिथेच काम सोडून यावं असं कोणालाही वाटेल. भाचीताईंनी तर म्हटलंच, राहू दे, बादली आहे आपली. पण मावशींनी ऐकलं नाही. म्हणाल्या, इतकं झालंय, पुरं करा, मला माझ्या घरात धड अंघोळ करायची आहे. आणि मला स्वतःलाही ते अर्धवट सोडवेना. उघड्या वायरी भिंतीतून लोंबत ठेवून निघून येणं माझ्याच्याने होत नाही, मग घरात कोणी का असेना.

पुढचं काम आम्ही वेगळ्या पद्धतीने केलं. फ्यूज माझ्या खिशात, आणि मी नळवाल्यांच्या शेजारी, माझा हात त्यांच्या पाठीवर. वायरी कसल्या, झाकण बसवलं, रबरी पट्टी नीट बसली का ते बोट फिरवून पाहिलं. आम्ही एक शब्दही बोललो नाही. बोलायचं ते खुणेने. मध्ये एकदा बोर्डाच्या बाजूने माझ्या नावाने कोणीतरी पुकारलं असं वाटलं. नळवाल्यांनी मान हलवली. त्यांनाही ऐकू आलं होतं. आम्ही काम चालू ठेवलं.

झाल्यावर दोघं मिळून बोळातून बोर्डापाशी आलो, हात धरून. लग्नानंतर पहिल्यांदाच असे हात धरून चाललो असू. आधी पाणी सोडलं, शॉवरमधली हवा पूर्ण निघून धार नीट लागेपर्यंत वाट पाहिली. कोरड्या यंत्राला वीज द्यायची नसते. मग फ्यूज लावला, मेन वर केला, ब्रेकर वर केले. सगळी मापं पुन्हा घेतली. शॉकच्या ब्रेकरचं चाचणीचं बटण दाबलं, तो खट्कन पडला, पुन्हा वर केला. बाहेरचं बटण लावलं, पाणी कोमट आलं, हवं तसं.

भाचीताईंना मी नियम समजावला. आधी बटण लावायचं, मग दोघींनी आत जायचं. बाहेर येऊन बंद करायचं. आत कोणी असताना बाहेरच्याने बटणाला हात लावायचा नाही, लावायला सांगितलं तर मुळीच नाही. आवाज कोणाचाही असो. डोळ्यांनी माणूस पाहायचा, मगच.

चार-पाच दिवसांनी मी चौकशीला फोन केला. सगळं छान चाललं होतं. मावशी रोज अंघोळ करत होत्या, पाणी थोडं गरम करा म्हणून भाचीशी भांडत होत्या. शेवटची तपासणी करायला एकदा येऊन जाईन, असं मी म्हटलं होतं. कामाच्या गडबडीत ते राहून गेलं.

मग एका दुपारी दुकानात फोन वाजला. मी सॉकेट उघडून बसले होते. भाचीताई होत्या.

“वहिनी, अजून किती वेळ लागेल तुम्हाला?” त्या बोळात उभ्या असाव्यात, आवाज घुमत होता. “नाही म्हणजे, तुम्ही आतून काही बोलत नाही आहात, म्हणून म्हटलं फोन करून बघावं.”

मी विचारलं, कुठून आतून?

त्यांनी उलट विचारलं, “तुम्ही कुठे आहात?”

मी म्हटलं, दुकानात. आणि लगेच त्यांना सांगितलं, दारापासून लांब व्हा, मावशींच्या खोलीत जाऊन बसा, बटणाला हात लावू नका.

“लावलं मी,” त्या म्हणाल्या.

नळवाल्यांनी गाडी काढली. आम्ही पोचलो तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं, दोघी मावशींच्या पलंगावर एकमेकींना धरून बसल्या होत्या. भाचीताईंनी सांगितलं ते असं. त्या स्वयंपाकघरात होत्या. बाथरूममधून माझा आवाज आला, की ताई, तपासायला आलेय, तुम्ही कामात दिसलात म्हणून तशीच आत गेले. पुढचं दार दुपारी उघडंच असे, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. थोड्या वेळाने मी म्हटलं, झालं, लावा आता.

“नियम तुम्हीच सांगितला होता,” त्या म्हणाल्या. “म्हणून तुमचंच ऐकलं.”

त्यांनी बाहेरचं बटण लावलं आणि पुढच्या खोलीतून खट् असा आवाज आला. त्यांनी विचारलं, वहिनी, काय झालं? आतून माझ्या आवाजात उत्तर आलं, की काही नाही, होतं असं पहिल्यांदा. त्यानंतर आत काहीच हालचाल नाही.

बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. नळवाल्यांनी पायाने ढकललं. आत कोणी नव्हतं. फरशी कोरडी, भिंती कोरड्या, सकाळच्या अंघोळीचं पाणी केव्हाच वाळून गेलेलं. शॉवरचा नळ बंद. झाकण, पट्टी, स्क्रू, सगळं आम्ही बसवलं तसंच.

मी बोर्डाकडे गेले. ब्रेकर पडला होता. जास्त वीज ओढल्यावर पडणारा नव्हे, तो वरच होता. शॉकचा पडला होता. मेन पाडून, फ्यूज खिशात घालून मी सगळी मापं पुन्हा घेतली. केबल उत्तम, अर्थ उत्तम, यंत्रात कुठे गळती नाही. फ्यूज लावून मेन वर केला, मग ब्रेकर वर केला. राहिला. बटण लावलं, पाणी सोडलं, बंद केलं, पुन्हा लावलं. तो काही पडला नाही. त्या दिवशीही नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे नंतरही कधी नाही.

भाचीताईंनी विचारलं, मग पडला कशाने. मी म्हटलं, दमटपणा असेल हवेत. त्यांना ते पटलं, किंवा त्यांनी पटवून घेतलं.

पण मापात कुठे गळती नसताना तो ब्रेकर दमट हवेने पडत नाही. तो एकच गोष्ट मोजतो. जेवढी वीज आत गेली तेवढी परत आली का. नसेल आली, म्हणजे मधल्या मध्ये कोणाच्या तरी अंगातून जमिनीत उतरली असेल, तर तो पडतो. नळ बंद असताना त्या यंत्राला वीज लागतही नाही. नळवाल्यांनी मला घरी येताना वाटेत विचारलं, की आत कोण असेल. मी म्हटलं, मला काय माहीत. एवढं सांगू शकते, की जे कोणी होतं त्याचे पाय जमिनीला टेकलेले होते.